पंचाचा धर्म

‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण आपल्या लोकांनी केव्हापासून तोंडी धरली हे सांगता येत नाही. पण तिच्या पोटी एक मोठे गृहीत दडलेले आहे, तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. जे पाच जण पारावर बसतात त्यांचा परमेश्वर आणि ज्यांचा तंटा तोडावयाचा त्यांचा परमेश्वर हा एकच आहे, असे ती म्हण मुकाट्याने धरून चालते. गाव एक, दैवत एक, रीतभात एक, अशा स्थितीत हे गृहीत खपून जाते. परंतु वादी एका धर्माचा, प्रतिवादी दुसऱ्या धर्माचा, करार तिसऱ्या देशात झालेला आणि निवाड्यास बसणारा पंच चौथ्याच देशातून आलेला, अशी वेळ आली म्हणजे त्या पाचांच्या मुखी कोणाचा परमेश्वर बोलणार, हा प्रश्न उभा राहतो. प्रस्तुत लेखात आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहो. आणि त्यासाठी आमच्यापुढे जो मनुष्य आहे तो म्हणजे इस्लामी कायद्यात पारंगत असा आंतरराष्ट्रीय लवाद. ज्या कायद्याचा उगम एका धर्माच्या श्रद्धेत आहे त्या कायद्याने निवाडा करणाऱ्या पंचाने ती श्रद्धा बाळगलीच पाहिजे काय?

हा प्रश्न दूरदेशीचा आहे असे ज्यांस वाटत असेल त्यांनी पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा मुलूख एकदा डोळसपणे पाहावा. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. आणि जे चिंचवड मोरया गोसावींच्या समाधीमुळे यात्रेकरूंस ठाऊक होते ते पुढे जगभरच्या यंत्रव्यापाऱ्यांस ठाऊक झाले. आकुर्डीस ज्या बजाज कंपनीचे मुख्य ठाणे आहे तिच्या तीनचाकी रिक्षा इजिप्तच्या गल्लीबोळांतून धावल्या आहेत. माल गेला म्हणजे त्याच्यामागून करार जातो, आणि कराराच्या शेवटच्या पानावर एक लहानसे कलम असते: या करारातून उद्भवणारा तंटा पंचांकडे जाईल, पंच अमुक शहरी बसतील आणि अमुक कायद्याने निर्णय देतील. सही करण्याच्या आनंदात हे कलम कोणी वाचीत नाही. तंटा उद्भवला म्हणजे मात्र सबंध करारात तेवढेच कलम उरते.

एक उदाहरण कल्पू. चाकणच्या एका लहान कारखानदाराने सौदी अरेबियातील एका गिऱ्हाइकास यंत्रांचे सुटे भाग पाठविले. माल पोचला, पसंत पडला, पण पैसे दोन वर्षे आले नाहीत. कारखानदाराने माल तयार करण्यासाठी बँकेकडून कर्ज काढलेले. त्यावर व्याज दिवसेंदिवस चढत आहे. तो पंचांपुढे मुद्दल मागतो आणि दोन वर्षांचे व्याजही मागतो. करारास सौदी कायदा लागू आहे, आणि त्या कायद्याच्या दृष्टीने व्याज म्हणजे ‘रिबा’, ते निषिद्ध. आता पंचाने काय करावे?

येथे तीन प्रकारचे पंच संभवतात. पहिला अर्धवट जाणता. तो व्याज निषिद्ध एवढेच वाचतो आणि पुस्तक मिटतो. दुसरा परका आणि मनातून तुच्छता बाळगणारा. असला कायदा आजच्या व्यापारास कसा पुरणार, असे म्हणून तो त्यास बाजूला सारतो आणि आपल्या देशातील दराने व्याज ठरवून देतो. निवाडा हाती येतो. पण २०१२ च्या सौदी लवाद कायद्याप्रमाणे शरियतीस विरुद्ध असलेल्या निवाड्याची त्या देशात बजावणी होत नाही, तेव्हा व्याजापुरता तरी तो निवाडा कोरा कागद ठरतो. तिसरा पंच त्या कायद्यात खोल उतरलेला असतो. ऐपत असून देणे लांबविणे हा जुलूम आहे, ही शिकवण प्रेषितांच्या वचनांतच आहे, हे त्यास ठाऊक असते. अशा लांबणीमुळे झालेले प्रत्यक्ष नुकसान भरून देता येईल काय, यावर आधुनिक इस्लामी विधिज्ञांत मतभेद आहेत. कित्येक ते मान्य करतात, तर कित्येक म्हणतात की दंड घ्यावा, पण तो धर्मादाय खर्चावा, धनकोच्या पदरी घालू नये. हेही तो जाणतो. म्हणून तो आधी विचारतो की, गिऱ्हाइकाची ऐपत खरोखर होती काय. मग विचारतो की, नुकसान प्रत्यक्षात किती झाले. त्याचा निर्णय कारखानदाराच्या बाजूने लागेलच असे नाही. पण ज्याची हार होईल त्यासही, आपला तंटा ऐकला गेला, असे वाटेल.

तिसऱ्या पंचाची ही तयारी एका दिवसात होत नाही. अरबी भाषा, हनफी, मालिकी, शाफिई आणि हनबली हे चार सुन्नी पंथ, त्यांखेरीज शियांचे संप्रदाय, १८७६ साली पुरी झालेली तुर्की साम्राज्याची ‘मजल्ला’ नामक संहिता, जिच्यात पंच नेमण्याविषयी स्वतंत्र प्रकरण आहे, सन्हूरी या पंडिताने घडविलेला इजिप्तचा १९४८ चा दिवाणी कायदा, ज्यात शरियत आणि युरोपीय विचार यांचा सांधा जुळविला आहे, आणि या सर्वांवर १९५८ चा न्यूयॉर्कचा करार, ज्याच्या योगे एका देशातील पंचनिवाडा दुसऱ्या देशात अंमलात येतो. एवढे पचविल्यावर कैरो, दुबई, लंडन, पॅरिस, सिंगापूर अशा ठिकाणी त्यास बसावे लागते. कैरोचे लवाद केंद्र १९७९ चे, दुबईचे १९९४ चे, आणि आपल्या मुंबईतील आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र २०१६ चे. ज्ञान तर आवश्यकच, याविषयी दुमत नाही. वाद आहे तो पुढच्या पायरीवर: ज्ञानाबरोबर श्रद्धाही हवी काय?

हा वाद आपल्या भूमीस नवा नाही. मराठेशाहीत आणि तिच्याही आधी तंटे तोडण्याचे काम गोतसभा व मजालस करीत. परगण्याच्या मजालशीत देशमुख-देशपांडे बसत, तसा काजीही बसे, आणि महजरावर हिंदू वतनदारांबरोबर त्याचेही नाव येई. निवाड्यापूर्वी वादी-प्रतिवादी ‘राजीनामा’ लिहून देत. तो शब्द आज नोकरी सोडण्याच्या कागदास लागला आहे. तेव्हा त्याचा अर्थ, पंच सांगतील ते आम्ही राजीखुशीने मान्य करू, असा होता. स्थानिक सभेवर एखाद्या पक्षाचा विश्वास नसला तर तो दुसऱ्या गावचे ‘थळ’ मागून घेई. आजच्या आंतरराष्ट्रीय करारात तंट्याचे स्थान लंडन की सिंगापूर यावर जी घासाघीस चालते, ती पाहून आमच्या मनात या थळाची आठवण येते. फार काय, ज्या शब्दांनी आपण न्याय मागतो ते शब्दच पाहा: हक्क, दावा, वकील, जामीन, करार, कर्ज, मुदत, वारस. हे सारे शब्द अरबीतून आलेले. आपल्या कुळकर्ण्याने ते शतकानुशतके वापरले आणि त्यामुळे त्याच्या संध्येत खंड पडला असे कोणी म्हटले नाही.

इंग्रजी अमदानी आली तेव्हा एल्फिन्स्टनने १८२७ च्या मुंबईच्या संहितेत क्रम घालून दिला: आधी सरकारी कायदे, ते नसतील तर देशरिवाज, तोही नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि यांतले काहीच नसेल तर न्याय, समत्व व सद्बुद्धी. त्याच वर्षीच्या सातव्या रेग्युलेशनने लवादासही जागा दिली. परक्या न्यायाधीशास हिंदू व मुसलमानी कायदा समजावा म्हणून अदालतींत शास्त्री व मौलवी नेमलेले असत. १८६४ च्या कायद्याने ही पदे बंद झाली, आणि न्यायाधीशाने स्वतःच तो कायदा जाणावा, अशी अपेक्षा धरली गेली. म्हणजे प्रश्न उघडा पडला. यापुढे ख्रिस्ती न्यायमूर्ती मौलवीच्या मध्यस्थीवाचून मुसलमानांचा वारसा ठरविणार होता.

श्रद्धा पाहिजे, असे म्हणणाऱ्यांचा पक्ष दुबळा नाही. तो नीट मांडला पाहिजे. ते म्हणतात: शरियत म्हणजे आपल्या दिवाणी संहितेसारखे विधिमंडळाने रचलेले पुस्तक नव्हे. तिच्यात विहित आणि निषिद्ध यांची वाटणी आहे, आणि न्यायालयात जे सुटते ते परलोकी सुटत नाही, ही जाणीव तिच्या प्रत्येक नियमास चिकटलेली आहे. ज्यास ती जाणीव नाही तो तिचे नियम पाठ करील, पण शवविच्छेदक जसा शरीर जाणतो तसे जाणील. प्राण कोठे होता हे त्यास कळणार नाही. ‘परधर्मो भयावहः’ हे आपणही म्हणतोच ना?

या पक्षास इतिहासातून आधारही मिळतो. १८९४ साली विलायतेतील प्रिव्ही कौन्सिलने बंगालमधील एका खटल्यात असा निर्णय दिला की, स्वतःच्या कुटुंबाच्या व वंशजांच्या पोषणासाठी केलेला वक्फ, ज्यात गरिबांचा वाटा अगदी शेवटी आणि नावापुरता आहे, तो खरा धर्मादाय नव्हे, सबब रद्द. इंग्रज न्यायमूर्तींच्या मनात ‘चॅरिटी’ची जी कल्पना होती तिच्या मापाने हे बरोबर होते. पण आपल्या माणसांचे पोषण हेही पुण्यकृत्यच, असे मानणारी परंपरा इस्लामी कायद्यात होती, आणि तिच्याकडे या निर्णयाने पाठ फिरविली. मुसलमान समाजात मोठा असंतोष माजला. अखेर मुंबईचे बॅरिस्टर महंमदअली जिना यांनी कायदेमंडळात विधेयक आणले आणि १९१३ च्या वक्फ कायद्याने तो निर्णय पुढील काळापुरता निरर्थक केला. वीस वर्षे एका समाजास आपला कायदा परक्यांच्या डोळ्यांनी वाचलेला सोसावा लागला.

त्याहून बोलके उदाहरण १९५१ चे. अबुधाबीचा शेख आणि एक तेल कंपनी यांच्यात, १९३९ च्या सनदेत समुद्राखालची जमीन येते की नाही, असा वाद होता. निवाड्यास बसले इंग्लंडचे लॉर्ड अॅस्क्विथ. ते म्हणाले की, करार अबुधाबीत झाला व तेथेच पाळावयाचा, म्हणून वरवर पाहता तेथलाच कायदा लागू व्हावा. परंतु शेख कुराणाच्या साहाय्याने आपल्या मर्जीप्रमाणे न्याय करतो, आणि अशा मागासलेल्या मुलखात आधुनिक व्यापारी दस्तऐवजाचा अर्थ लावण्याजोगी स्थिर तत्त्वे असतील असे म्हणणे कल्पनेच्या भराऱ्या मारण्यासारखे आहे. मग त्यांनी सुधारलेल्या राष्ट्रांच्या समाईक शहाणपणाचा आश्रय केला. आणि ते शहाणपण शोधू लागल्यावर त्यांस ते बहुतांशी इंग्रजी कायद्यातच सापडले! गंमत अशी की, किनाऱ्यापलीकडील मोठ्या सागरतळाबाबत निकाल शेखाच्याच बाजूने लागला. पण जिंकूनही अपमान होऊ शकतो. दोन वर्षांनी, १९५३ साली, कतारच्या शेखाच्या अशाच तंट्यात सर आल्फ्रेड बकनिल यांनी तेथला इस्लामी कायदा अपुरा ठरवून न्याय, समत्व व सद्बुद्धी यांचा आधार घेतला. मुंबईच्या १८२७ च्या संहितेतील तोच त्रिशब्दी मंत्र सव्वाशे वर्षांनी इराणच्या आखातात ऐकू आला. जेथे कायदा नसेल तेथे वापरावयाचा मंत्र, असलेला कायदा वाचण्याचा कंटाळा आल्यावरही कामी येतो, हे यावरून दिसते.

येथवर श्रद्धापक्ष जिंकत आला असे वाटेल. पण या तिन्ही उदाहरणांत दोष नेमका कोठे आहे, हे तपासून पाहिले पाहिजे. प्रिव्ही कौन्सिलचे न्यायमूर्ती मुसलमान नव्हते म्हणून चुकले, की त्यांनी आपली ‘चॅरिटी’ हीच साऱ्या जगाची चॅरिटी मानली म्हणून चुकले? अॅस्क्विथ यांच्यापाशी इस्लामी श्रद्धा नव्हती हे खरे. पण त्यांच्यापाशी इस्लामी ग्रंथ उघडण्याचा धीरही नव्हता. श्रद्धेचा अभाव आणि आदराचा अभाव या दोन निराळ्या उणिवा आहेत. पहिली भरून काढता येत नाही, कारण श्रद्धा हुकुमाने येत नसते. दुसरी भरून काढता येते, आणि ज्यांनी ती भरून काढली अशी माणसे आपल्याच प्रांतात होऊन गेली.

त्यांतले पहिले सर दिनशा फरदुनजी मुल्ला. १८६८ साली जन्मलेले हे मुंबईचे पारशी गृहस्थ. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी मुसलमानी कायद्याच्या तत्त्वांवर पुस्तक लिहिले, पुढे हिंदू कायद्यावर लिहिले, आणि १९३० साली ते प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर गेले. स्वतः अग्नीची उपासना करणाऱ्या समाजात वाढलेल्या या मनुष्याचे पुस्तक हाती घेऊन हिंदू वकिलांनी मुसलमान अशिलांचे वारसे मांडले आणि मुसलमान न्यायमूर्तींनी ते वाचून निकाल दिले. १९३४ साली मुल्ला निवर्तले. पुस्तकाच्या आवृत्त्या मात्र निघतच राहिल्या. मुल्लांनी आपला धर्म सोडला नाही आणि ज्यांचा कायदा सांगितला त्यांच्या धर्माविषयी मत दिले नाही. प्रत्येक पंथाचा नियम त्या पंथाच्या ग्रंथांवरून आणि निकालांवरून जसा आहे तसा सांगावा, एवढेच व्रत त्यांनी धरले. हे व्रत दिसते तितके सोपे नाही. दुसऱ्याचे म्हणणे आपल्या सोयीने न वळविता सांगणे हे आपल्या घरातही किती जणांस साधते?

दुसरे आसफ अली असगर फैजी. यांचा जन्म १८९९ साली माथेरानास झाला. केंब्रिजला शिकून आले, १९३८ ते १९४७ पर्यंत मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते, १९४९ साली त्यांचा मुसलमानी कायद्यावरील प्रसिद्ध ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी ते भारताचे राजदूत म्हणून इजिप्तला गेले. ते सुलेमानी बोहरा. म्हणजे श्रद्धावान घरातले, आणि फातिमी काळातील काजी नुअमान याच्या विधिग्रंथाची अरबी संहिता शोधून संपादणारे. श्रद्धा आणि ज्ञान दोन्ही ज्याच्या ठायी आहेत असा मनुष्य श्रद्धापक्षाचा कैवार घेईल, अशी आपली अपेक्षा. परंतु फैजींनी आपल्या उत्तरवयात उलटेच प्रतिपादन केले: धर्माचे अंतरंग आणि कायद्याचे नियम यांची फारकत केली पाहिजे, अंतरंग टिकते, नियम काळाबरोबर बदलतात. म्हणजे बाहेरून आलेला मुल्ला आणि आत जन्मलेला फैजी हे दोघे निराळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचतात. कायदा ही जाणण्याची वस्तू आहे. जो ती निष्ठेने जाणील तो ती सांगू शकतो.

याहूनही मोठी साक्ष खुद्द सौदी अरेबियाची आहे. १९५८ साली जिनिव्हा येथे सौदी सरकार आणि अरामको कंपनी यांच्या तंट्यात, सोसे-हाल या स्विस प्राध्यापकाच्या अध्यक्षतेखालील पंचांनी हनबली कायद्याचा विचार मनापासून केला आणि करार पाळला पाहिजे हे तत्त्व त्यातूनच काढले. जेथे तेलाच्या सनदांविषयी ग्रंथ मौन धरतात तेथेच जगाच्या रूढीकडे वळले. निकाल सरकारविरुद्ध गेला आणि १९६३ साली त्या सरकारने आपल्या खात्यांस परवानगीवाचून लवादाकडे जाण्याची बंदी केली. पुढे १९८५ च्या नियमांत, पंच सौदी नागरिक किंवा परदेशी मुसलमान असावा, अशी अट होती. २०१२ च्या कायद्यात ती अट राहिली नाही; एकट्या पंचास, किंवा पंच अनेक असल्यास त्यांच्या अध्यक्षास, शरियतीच्या वा विधिशास्त्राच्या पदवीची अट तेवढी राहिली. ज्या देशाचा सारा कायदा शरियतीवर उभा आहे त्या देशाने पंचाच्या श्रद्धेची चौकशी सोडून त्याच्या विद्येची चौकशी करावी, याहून अधिक आम्ही काय सांगावे?

आपल्या घरचेही एक उदाहरण देता येईल. व्याजाची रक्कम एका वेळी मुद्दलाहून अधिक होता कामा नये, हा आपल्या धर्मशास्त्राचा दामदुपटीचा नियम. मुंबई इलाख्यात हिंदू ऋणकोच्या बाबतीत तो इंग्रज न्यायमूर्तींनी पाळला. मनुयाज्ञवल्क्यांवर त्यांची श्रद्धा नव्हती. पण कर्जाखाली दबलेल्या आपल्या कुणब्यास त्या नियमाचा जो आधार झाला तो त्यामुळे उणा झाला नाही. तेव्हा रिबाच्या निषेधाकडे पाहून ज्यांस हसू येते त्यांनी, सावकारीस आळा घालण्याची चिंता फक्त अरबांनाच पडली होती असे समजू नये.

एवढ्यावर लेख संपविता आला असता. पण एक खटला असा आहे की, तो या साऱ्या विवेचनास अडवून उभा राहतो. १९८१ साली दोन इस्माईली व्यापाऱ्यांनी भागीदारीचा करार केला. कराराला कायदा इंग्लंडचा, तंट्याचे स्थान लंडन. मात्र तिन्ही पंच इस्माईली समाजातील प्रतिष्ठित व अधिकारपदी असलेले हवेत, असे कलम. पुढे तंटा झाल्यावर एका पक्षाने निवृत्त इंग्रज न्यायमूर्ती नेमला आणि म्हणाला, धर्मावरून पंच निवडणे हा बेकायदेशीर भेदभाव आहे. २०१० साली अपील न्यायालयाने ते मानले. २०११ च्या जुलैत ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने, जिवराज विरुद्ध हाशवानी या खटल्यात, ते फिरविले. पंच हा कोणाचा नोकर नव्हे, म्हणून नोकरीतील भेदभावाचे नियम त्यास लागत नाहीत, असे न्यायालय म्हणाले. आणि आपल्या समाजाच्या रीतीने, आपल्या माणसांत तंटा मिटावा, ही उभयतांची इच्छा रास्त मानली.

वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की, येथे कायदा धार्मिक नव्हताच. इंग्रजी कायदा जाणण्यासाठी इस्माईली असण्याची काय गरज? तरीही त्या दोघांना इस्माईली पंच हवा होता. तो कायद्यासाठी नव्हे, भरवशासाठी. हरलो तरी आपल्या माणसाने हरविले, असे वाटावे म्हणून. यावरून आम्हांस असे वाटते की, प्रश्नाचे दोन भाग करावयास हवेत. कायदा पंचापाशी ज्ञान आणि आदर मागतो. श्रद्धा मागत नाही. पक्षकार मात्र पंचापाशी भरवसा मागतात, आणि तो कोणावर ठेवावा हे त्यांचे त्यांनीच ठरवावयाचे. सरकारी न्यायाधीश आपणांस निवडता येत नाही, म्हणून त्याच्या धर्माची विचारपूस करण्याचा अधिकार आपणांस नाही. पंचाची सत्ता आपल्या राजीनाम्यातून जन्मते, म्हणून त्याची निवड आपली. इतके मानले की दोन्ही पक्षांस आपापली जागा मिळते.

पण भरवशाचीही एक सीमा आहे, आणि ती दाखविणारा खटला पुन्हा त्याच समाजाच्या इतिहासात, मुंबईत, सापडतो. १८४७ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात सर अर्स्किन पेरी यांच्यापुढे खोजा व मेमन समाजांतील वारशाचे तंटे आले. कुराणाप्रमाणे मुलींचा वाटा ठरलेला. मुली तो मागत होत्या. जमातीची वहिवाट मात्र हिंदूंसारखी, मुलींस वगळणारी. पेरींनी वहिवाट मान्य केली आणि मुली रिकाम्या हाती परत गेल्या. येथे परक्या न्यायाधीशाने ग्रंथ डावलला असे श्रद्धापक्ष म्हणेल. आम्ही विचारतो, त्या जागी जमातीनेच निवडलेले श्रद्धावान पंच बसले असते तर? ज्या वडीलधाऱ्यांनी वहिवाट चालविली त्यांच्यातूनच ते आले असते. भरवसा कोणाचा? बापांचा आणि भावांचा. राजीनाम्यावर सह्या कोणाच्या? त्यांच्याच. मुलींची सही कोणी मागितली नसती. शेतजमीन वगळून इतर वारशाबाबत १९३७ च्या शरियत कायद्याने असल्या वहिवाटी मागे सारल्या खऱ्या; तोवर नव्वद वर्षे गेली होती.

संमती हा लवादाचा प्राण आहे. म्हणूनच जो संमती देण्यास बसलेलाच नाही त्याचे काय, हा लवादाचा सर्वांत अवघड प्रश्न आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बूझ अॅलनच्या खटल्यात फौजदारी गुन्हे, विवाहसंबंध, पालकत्व, दिवाळखोरी, मृत्युपत्रे असे विषय लवादाच्या बाहेर ठेवले, ते अशाच विषयांत दोघांच्या संमतीने तिसऱ्याचे नुकसान होते म्हणून. पण व्यापारी तंट्यातही तिसरा असतोच. चाकणच्या त्या कल्पिलेल्या कारखान्यात वीस कामगार असतील. पैसे दोन वर्षे अडकले तेव्हा त्यांचे पगार लांबले असतील, कोणाच्या मुलाची फी राहिली असेल. ते करारावर नाहीत, पंचांपुढे नाहीत. दोन्ही पक्षांच्या वकिलांनी मिळून एखादी तडजोड केली, जिच्यात कारखानदाराने आपला वाटा गुपचूप अन्यत्र वळवून कारखाना बुडविला, तर त्या वीस जणांस कोणी विचारणार नाही.

येथे पंचाच्या हाती फार थोडे असते, पण काहीच नसते असे नाही. १९९६ च्या आपल्या लवाद कायद्यात पक्षकारांची तडजोड निवाडा म्हणून नोंदविण्याची सोय आहे. मात्र त्यास पंचाची हरकत नसेल तरच. हे हरकतीचे शब्द आम्हांस फार मोलाचे वाटतात. दोघे राजी झाले की पंचाचे काम संपले, असे कायदा म्हणत नाही. ज्या कागदावर आपले नाव पडणार त्यात लबाडी दिसली तर सही न करण्याचा अधिकार त्याने पंचाच्या हाती ठेवला आहे. त्याचप्रमाणे, पक्षकारांनी माफी दिली नसेल तर, निवाड्याची कारणे लिहिण्याचे बंधन आहे. आणि कारणे लिहिणाऱ्यास, आज येथे नसलेले कोणी उद्या ती वाचील, हे स्मरावे लागते.

इस्लामी परंपरेत पति-पत्नीच्या भांडणात दोन्ही घरचा एकेक पंच नेमण्यास सांगितले आहे, आणि हेतू सांगितला आहे समेटाचा. आपल्या गोतसभेचाही हेतू तोच असे. निवाडा झाल्यावर गोताने एका पंक्तीस बसावयाचे असे. तेव्हा ज्या पंचाविषयी आम्ही लिहीत आहो त्याने मशिदीत जावे की देवळात, अग्यारीत जावे की कोठेच जाऊ नये, हा त्याचा खाजगी प्रश्न आहे. आम्ही त्यास विचारू ते इतकेच: ज्या कायद्याने तू निवाडा करणार तो कायदा त्याच्या स्वतःच्या भाषेत, त्याच्या स्वतःच्या युक्तिवादासह वाचलास काय? त्यात जे तुला पटत नाही तेही प्रामाणिकपणे लागू करण्याची तुझी तयारी आहे काय? आणि समोर बसलेल्या दोघांवर नजर ठेवताना, खोलीबाहेर कोण उभे आहे हे एकदा विचारलेस काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुल्लांनी आपल्या ग्रंथाने दिले. दुसऱ्याचे उत्तर दामदुपट पाळणाऱ्या परक्या न्यायमूर्तींनी दिले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर १८४७ च्या त्या मुलींना मिळाले नाही. ते चाकणच्या वीस कामगारांस मिळावे, एवढ्यासाठी तरी यापुढील पंचाने तो प्रश्न स्वतःस विचारला पाहिजे.